वाली न उरलेला बफर : एथ९के-एचटीसी ड्रायव्हरमधील मेमरी लीकचा प्रकरण अभ्यास

अथेरॉसच्या यूएसबी वायफाय चिपांसाठी लिनक्स कर्नलमध्ये एथ९के-एचटीसी नावाचा ड्रायव्हर आहे. २०१० साली कर्नलच्या २.६.३५ या आवृत्तीबरोबर तो मुख्य शाखेत आला आणि एआर९२७१ ही चिप त्याच्यामुळे लिनक्स वापरणाऱ्यांच्या चांगल्याच परिचयाची झाली. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या अडॅप्टरच्या पहिल्या आवृत्तीत हीच चिप होती. दुसऱ्या आवृत्तीपासून तिच्या जागी रिअलटेकची चिप आली, त्यामुळे जाणकार मंडळी अजूनही जुन्या मालात पहिली आवृत्ती शोधत असतात. चिपवर चालणाऱ्या फर्मवेअरचा सोर्स कोड २०१३ मध्ये खुला झाला. म्हणजे हा काही अडगळीत पडलेला, कोणी न वाचलेला ड्रायव्हर नव्हे. तरीही त्याच्या पहिल्या आवृत्तीपासून असलेली एक मेमरी लीक, म्हणजे मागून घेतलेली मेमरी काम झाल्यावर परत न सोडण्याची चूक, २०२३ च्या सुरुवातीपर्यंत तशीच राहिली.

ही लीक दुरुस्त करणारा बदल जेमतेम काही ओळींचा आहे आणि वरवर पाहता ‘मेमरी सोडायची राहिली होती, ती सोडली’ एवढेच त्याचे वर्णन करता येईल. परंतु त्याच ड्रायव्हरमध्ये, त्याच्या तीन-चार वर्षे आधी, नेमक्या याच समजुतीने केलेली एक दुरुस्ती अंगाशी आली होती आणि ती मागे घ्यावी लागली होती. दोन्ही बदल शेजारी ठेवून वाचले तर असे दिसते की, मेमरी कुठे सोडायची राहिली हा प्रश्न दुय्यम आहे. तो बफर (डेटा ठेवण्यासाठी घेतलेला मेमरीचा तुकडा) त्या क्षणी कोणाच्या मालकीचा आहे, हे आधी ठरवावे लागते. २०२३ ची दुरुस्ती टिकली ती या क्रमाने विचार झाला म्हणून.

येणारा डेटा कसा वाचला जातो

यूएसबीवरून डेटा मागवण्यासाठी ड्रायव्हर यूआरबी नावाच्या विनंत्या यूएसबी व्यवस्थेकडे आगाऊ देऊन ठेवतो. वायफायच्या येणाऱ्या डेटासाठी एथ९के-एचटीसी अशा आठ विनंत्या तयार ठेवतो आणि प्रत्येक विनंतीला १६,३८४ बाइटांचा बफर जोडलेला असतो. एक विनंती पूर्ण झाली की तिचे कॉलबॅक फंक्शन, म्हणजे काम संपल्यावर आपोआप बोलावले जाणारे फंक्शन, चालते, आलेला डेटा पुढे सोपवला जातो आणि तीच विनंती त्याच बफरसह पुन्हा रांगेत टाकली जाते.

फर्मवेअर प्रत्येक वायफाय पॅकेट स्वतंत्र खेपेत पाठवत नाही. ते अनेक पॅकेटे एकापाठोपाठ एक रचून सलग प्रवाह बनवते. प्रत्येक पॅकेटच्या आधी चार बाइटांचा हेडर असतो. त्यातील पहिले दोन बाइट पॅकेटची लांबी सांगतात आणि पुढचे दोन बाइट ही एक ठरावीक खूण असते, जी षोडशमान पद्धतीत ४ई०० अशी लिहितात. पॅकेटची लांबी चारच्या पटीत नसेल तर शेवटी भरीचे एक ते तीन बाइट येतात. हा प्रवाह उलगडण्याचे काम ड्रायव्हरमधील ज्या फंक्शनकडे आहे त्याचे कोडमधील नाव बरेच लांब आहे. येथे त्याला आरएक्स-स्ट्रीम म्हणू. ते हेडर वाचते, खूण जुळते का पाहते, पॅकेटच्या लांबीचा एक नवा एसकेबी मागते, त्यात डेटा उतरवते आणि तो एसकेबी दहा जागांच्या, यादीसारख्या एका स्थानिक अ‍ॅरेमध्ये ठेवते. एसकेबी म्हणजे कर्नलच्या नेटवर्क व्यवस्थेत पॅकेट ज्या रचनेतून फिरते ती रचना. संपूर्ण खेप वाचून झाली की अ‍ॅरेमधील सगळे एसकेबी एकामागून एक वरच्या स्तराकडे दिले जातात.

अडचण येते ती सीमेवर. एखादे पॅकेट १६,३८४ बाइटांच्या खेपेत सुरू होते आणि पुढच्या खेपेत संपते. अशा वेळी आरएक्स-स्ट्रीम पूर्ण पॅकेट मावेल एवढा एसकेबी मागते, हाती आलेला अर्धा भाग त्यात उतरवते आणि त्या एसकेबीचा पॉइंटर (त्याचा मेमरीतील पत्ता) उपकरणाच्या मुख्य रचनेत, रिमेन-एसकेबी या नावाच्या जागी, ठेवून देते. त्याच्या सोबतीला तीन आकडे नोंदले जातात: किती बाइट यायचे बाकी आहेत, किती उतरवून झाले आणि भरीचे किती. पुढची खेप आली की फंक्शन सर्वप्रथम ही नोंद पाहते, उरलेला भाग जोडते, पूर्ण झालेले पॅकेट अ‍ॅरेच्या पहिल्या जागेत टाकते आणि मग नव्या खेपेकडे वळते.

ही रचना चुकीची नाही. तुटक प्रवाह जोडण्यासाठी कुठेतरी स्थिती जपून ठेवावीच लागते आणि उपकरणाच्या रचनेपेक्षा वेगळी सोयीची जागा नाही. कमतरता होती ती एवढीच, की या अर्धवट एसकेबीला मोकळे करण्याची जबाबदारी कोणाची हे कोडमध्ये कुठेही ठरलेले नव्हते. पुढचा कॉल येईल आणि तो निस्तरेल, असे गृहीत धरलेले होते.

पुढचा कॉल येत नाही तेव्हा

तो कॉल न येण्याचे प्रसंग मुळीच दुर्मीळ नाहीत. वापरणाऱ्याने अडॅप्टर ओढून काढला, ड्रायव्हरचे मॉड्यूल उतरवले किंवा यंत्र सस्पेंड झाले, तर या सर्व वाटा येऊन मिळतात त्या यूआरबी मोकळ्या करणाऱ्या फंक्शनमध्ये. तेथे रांगेतील सर्व विनंत्या रद्द होतात आणि त्यानंतर आरएक्स-स्ट्रीम चालण्याचे कारणच उरत नाही. रद्द होण्याच्या नेमक्या आधी एखादे पॅकेट अर्धवट राहिले असेल तर त्याचा एसकेबी रिमेन-एसकेबीमध्ये लटकत राहतो. अडॅप्टर काढल्यावर पुढच्या काही ओळींत उपकरणाची मुख्य रचनाही मोकळी केली जाते आणि तिच्याबरोबर त्या एसकेबीपर्यंत पोहोचण्याचा एकमेव पॉइंटर नाहीसा होतो. ही झाली लीक.

सस्पेंडच्या वाटेवर मात्र गोष्ट निराळी आहे आणि माझ्या मते ती अधिक गंभीर आहे. सस्पेंडमध्ये मुख्य रचना नष्ट होत नाही, त्यामुळे रिमेन-एसकेबी आणि ‘इतके बाइट बाकी’ ही नोंद दोन्ही शाबूत राहतात. यंत्र जागे झाल्यावर ड्रायव्हर चिपमध्ये फर्मवेअर पुन्हा उतरवतो, म्हणजे चिपच्या दृष्टीने प्रवाह पहिल्यापासून सुरू होतो. ड्रायव्हरला मात्र आधीच्या अर्धवट पॅकेटची आठवण असते. तो नव्या प्रवाहाच्या पहिल्या खेपेतील सुरुवातीचे बाइट जुन्या पॅकेटची शेपटी समजून तोडतो, दोन परस्परांशी संबंध नसलेले तुकडे जोडून वरच्या स्तराकडे पाठवतो आणि मग उरलेल्या खेपेत भलत्याच ठिकाणी हेडर शोधू लागतो. येथे मेमरी गळत नाही, कारण एसकेबी अखेर वापरला जातो. पण डेटा बिघडतो. लीक आणि बिघाड ही एकाच चुकीची दोन रूपे आहेत, हे लक्षात आले की दुरुस्ती कुठे करायची हा प्रश्न अर्धा सुटतो.

इतकी वर्षे दिसली का नाही

पहिले कारण उघड आहे. दोन लागोपाठच्या खेपांमधील अत्यंत अरुंद वेळेत उपकरण निघाले पाहिजे आणि तेही त्या क्षणी पॅकेट सीमेवर तुटलेले असताना. घरगुती वापरात असे क्वचितच घडते आणि घडले तरी एका वेळी एकच एसकेबी हरवतो. रिमेन-एसकेबीची जागाच एक आहे, त्यामुळे एका जोडणी-तोडणीत एकापेक्षा अधिक हरवूच शकत नाहीत.

दुसरे कारण शोधण्याच्या साधनात आहे. कर्नलमधील लीक शोधण्यासाठी २००९ पासून, म्हणजे २.६.३१ या आवृत्तीपासून, केमेमलीक हे साधन उपलब्ध आहे. ते मेमरी चाळते आणि वाटून दिलेल्या ज्या तुकड्याकडे निर्देश करणारा एकही पॉइंटर सापडत नाही त्याला बेवारस ठरवते. क्लोकरूममध्ये ठेवलेल्या सामानाची पावती कोणाच्या ना कोणाच्या खिशात आहे तोवर ते सामान बेवारस मानले जात नाही, मग तो माणूस परत येणार असो वा नसो. केमेमलीकचा न्याय तसाच आहे. मुख्य रचना जिवंत असेपर्यंत रिमेन-एसकेबीकडे निर्देश करणारा पॉइंटर असतो, त्यामुळे सस्पेंडनंतर कितीही वेळा चाळणी केली तरी अहवालात काही येत नाही. उपकरण काढल्यावर, रचना मोकळी झाल्यावरच तो तुकडा उघडा पडतो. त्यातही केमेमलीकची स्वयंचलित चाळणी साधारण दर दहा मिनिटांनी होते आणि सर्वसामान्य वितरणांच्या कर्नलमध्ये हे साधन चालूच नसते.

तिसरे कारण सहसा कोणी सांगत नाही, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो. एसकेबीचे दोन भाग असतात: वर्णन करणारी छोटी रचना आणि प्रत्यक्ष डेटाचा बफर. छोटी रचना साधारण २३२ बाइटांची असते आणि ती स्लॅबमधून (छोट्या रचनांसाठीच्या वाटप-व्यवस्थेतून) येते, त्यामुळे केमेमलीकला ती दिसते. डेटाचा बफर मध्यम आकाराचा, म्हणजे ढोबळमानाने एक ते चार किलोबाइटांच्या दरम्यानचा असेल, तर तो एका मोठ्या पानगटातून (सलग मेमरी-पानांच्या गटातून) कापून दिला जातो. हा पानगट बहुतेक यंत्रांवर ३२ किलोबाइटांचा असतो. पानांच्या स्तरावरचे वाटप केमेमलीक मोजत नाही. परिणामी अहवालात २३२ बाइटांची किरकोळ नोंद दिसते, प्रत्यक्षात मात्र दीड-दोन किलोबाइटांचा तुकडा हरवलेला असतो आणि तो तुकडा परत येत नाही तोवर त्याचा संपूर्ण पानगट अडकून राहतो. प्रत्येक वेळी वेगळा पानगट अडकला असे धरले तर २,०४८ प्रसंगांत ६४ मेगाबाइट जातात. हे टोकाचे गणित झाले आणि लॅपटॉपवर त्याला काही अर्थ नाही; पण ६४ मेगाबाइट मेमरीच्या छोट्या राउटरला यूएसबी अडॅप्टर जोडला असेल आणि कमकुवत वीजपुरवठ्यामुळे तो वारंवार निघून पुन्हा जोडला जात असेल, तर अहवालातील २३२ हा आकडा पाहून प्रश्न मागे ठेवणे महागात पडेल.

शोध

या लीकचा माग लागला तो रशियातील लिनक्स व्हेरिफिकेशन सेंटर या प्रकल्पाच्या सिझकॉलर चाचण्यांमध्ये. सिझकॉलर हे गूगलमध्ये तयार झालेले साधन आहे. ते कर्नलला यादृच्छिक पण रचनेला धरून असलेल्या सिस्टिम कॉलच्या (प्रोग्राम कर्नलकडे करतात त्या मागण्यांच्या) माळा देत राहते. यूएसबीसाठी ते प्रत्यक्ष उपकरण वापरत नाही. रॉ गॅजेट आणि डमी-एचसीडी या दोन मॉड्यूलांच्या साहाय्याने ते कर्नलच्या आतच खोटे उपकरण उभे करते, त्याला एआर९२७१ चे ओळखक्रमांक देते आणि खरा ड्रायव्हर त्याच्यावर चढवते. एथ९के उपकरण जोडताना फर्मवेअर उतरवण्याची पायरी पार पाडावी लागते, म्हणून सिझकॉलरमध्ये खास या कुटुंबासाठी वेगळा छद्म-कॉल लिहिलेला आहे.

खोट्या उपकरणाची गंमत अशी, की ज्या अरुंद वेळेची खऱ्या जगात वाट पाहावी लागते ती येथे हवी तेव्हा निर्माण करता येते. पॅकेट सीमा ओलांडते की नाही हे आरएक्स-स्ट्रीम हेडरमधील लांबीवरून ठरवते. प्रत्यक्षात किती बाइट आले यावरून नव्हे. लांबीवर वरची मर्यादा आहे, पण ती ३२,७६८ बाइटांची, म्हणजे खेपेच्या बफरच्या दुप्पट. त्यामुळे योग्य खूण आणि फुगवलेली लांबी असलेला चार बाइटांचा हेडर पाठवून लगेच निघून जाणारे उपकरण ड्रायव्हरला बत्तीस हजारांहून अधिक बाइटांचा एसकेबी मागायला लावू शकते आणि तो तसाच लटकत ठेवू शकते. खऱ्या अडॅप्टरच्या बाबतीत क्वचित घडणारी घटना दुष्ट हेतूने बनवलेल्या उपकरणाच्या हातात नेहमीची होते. यूएसबी पोर्ट सर्वांच्या हाताशी असलेल्या यंत्रांच्या बाबतीत हा फरक विसरून चालत नाही.

दोन दुरुस्त्या आणि त्यांचा क्रम

२०२३ च्या पहिल्या महिन्यांत या फंक्शनला दोन वेगवेगळ्या दुरुस्त्या मिळाल्या. रिमेन-एसकेबीची लीक बुजवणारी त्यांतील दुसरी होय. पण पहिली समजून घेतल्याशिवाय दुसरीकडे जाता येत नाही.

पहिल्या दुरुस्तीचा विषय अवैध पॅकेटांचा होता. खेप वाचताना मध्येच खूण जुळली नाही किंवा लांबी मर्यादेबाहेर गेली तर आरएक्स-स्ट्रीम तेथूनच परत फिरत असे. तोपर्यंत स्थानिक अ‍ॅरेमध्ये काही एसकेबी जमा झालेले असत आणि ते ना वर दिले जात, ना मोकळे केले जात. दुरुस्तीने ठरवले की, अशा प्रसंगी संपूर्ण खेपच अविश्वसनीय मानावी आणि अ‍ॅरेमधील सर्व एसकेबी टाकून द्यावेत. हा निर्णय वादाचा होऊ शकला असता. मध्येच प्रवाह बिघडला म्हणून आधीची चांगली पॅकेटे का टाकायची, असे कोणी विचारू शकेल. मला मात्र तो निर्णय पटतो, कारण सलग प्रवाहात एक हेडर चुकला की आधीच्या हेडरांवर विश्वास ठेवायला फारसा आधार उरत नाही आणि वायफायमध्ये हरवलेली पॅकेटे पुन्हा मागवण्याची सोय वरच्या स्तरांत असतेच. दुरुस्ती करणाऱ्याने हा निर्णय कोडमध्ये टिपणी म्हणून लिहून ठेवला, हेही योग्य झाले.

आता त्या अ‍ॅरेच्या पहिल्या जागेत कोण असते ते आठवावे: मागील खेपेतून जोडून पूर्ण झालेला रिमेन-एसकेबी. जुना कोड त्याला अ‍ॅरेमध्ये टाकत असे, ‘बाकी बाइट’ हा आकडा शून्य करत असे, पण उपकरणाच्या रचनेतील पॉइंटर मात्र तसाच ठेवत असे. जोवर आकडा शून्य आहे तोवर त्या पॉइंटरकडे कोणी पाहणार नाही, असा हिशेब होता. मालकी वरच्या स्तराकडे गेलेली, तरी जुन्या मालकाच्या वहीत नाव कायम. पहिल्या दुरुस्तीने हे नावही खोडले: एसकेबी अ‍ॅरेमध्ये गेला की पॉइंटर नल, म्हणजे कशाकडेही निर्देश न करणारा, करायचा. त्याबरोबरच तीन आकड्यांची नोंद नवा एसकेबी प्रत्यक्ष हाती आल्यानंतरच करायची असा बदल झाला. त्याआधी आकडे अगोदर लिहिले जात आणि मग मेमरी मागितली जाई. मेमरी मिळाली नाही तर आकडे नव्या पॅकेटचे आणि पॉइंटर जुन्या, कधीच मोकळ्या झालेल्या एसकेबीचा, अशी जोडी मागे राहत असे आणि पुढचा कॉल त्या मोकळ्या जागेत डेटा लिहू शकत असे. मेमरीची टंचाई असतानाच उद्भवणारा असा दोष चाचणीत सापडणे महाकठीण असते.

दुसऱ्या दुरुस्तीने एक छोटे फंक्शन आणले. ते स्पिनलॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप) घेते, रिमेन-एसकेबी नल नसेल तर तो मोकळा करते, पॉइंटर नल करते, ‘बाकी बाइट’ शून्य करते आणि लॉक सोडते. हे फंक्शन येणाऱ्या डेटाच्या यूआरबी मोकळ्या करणाऱ्या ठिकाणाहून बोलावले जाते. आता प्रश्न असा, की पहिल्या दुरुस्तीशिवाय हे फंक्शन बसवले असते तर काय झाले असते? एकदा जरी एखादे पॅकेट सीमा ओलांडून नीट जोडले गेले असते, तरी पॉइंटर नल झालेला नसता. एसकेबी वरच्या स्तरात जाऊन कधीच मोकळा झालेला असता. आणि अडॅप्टर काढताक्षणी नव्या फंक्शनने तोच एसकेबी दुसऱ्यांदा मोकळा केला असता. म्हणजे क्वचित घडणाऱ्या निरुपद्रवी गळतीच्या जागी हमखास घडणारी दुहेरी मुक्ती आली असती. ‘नल नसेल तर मोकळा कर’ ही ओळ बरोबर ठरते ती केवळ पॉइंटर नल असणे आणि मालकी नसणे या दोन गोष्टी आधी एक करून ठेवल्या होत्या म्हणून. रचना सुरुवातीला शून्याने भरलेली मिळते, त्यामुळे एकही पॅकेट न तुटलेल्या उपकरणातही पॉइंटर नलच असतो.

मोकळे करण्याची जागा निवडतानाही पर्याय होते. सर्वांत सोपा पर्याय म्हणजे उपकरण काढल्यावर मुख्य रचना मोकळी होण्याच्या आधी एक ओळ घालणे. त्याने केमेमलीक शांत झाला असता, पण सस्पेंडनंतरचा बिघाड तसाच राहिला असता. दुसरा पर्याय म्हणजे पुन्हा सुरू होताना आकडे शून्य करणे. त्याने बिघाड थांबला असता, पण पॉइंटर जपला नाही तर नवी लीक तयार झाली असती. अर्धवट पॅकेटला अर्थ असतो तो दोन लागोपाठच्या यूआरबींमधील दुव्यामुळे, म्हणून यूआरबी संपल्या की तो अर्थही संपतो. तेव्हा यूआरबी जेथे संपतात तेथेच त्याची विल्हेवाट लावणे हा एकच पर्याय दोन्ही रूपांना पुरा पडतो.

त्या ठिकाणीही क्रम महत्त्वाचा आहे. आधी सर्व यूआरबी रद्द करायच्या, मग अर्धवट एसकेबी मोकळा करायचा. रद्द करणारे कर्नल फंक्शन चालू असलेला कॉलबॅक संपेपर्यंत थांबते. क्रम उलटा केला तर एसकेबी मोकळा करून लॉक सोडल्यानंतर आणि यूआरबी रद्द होण्याआधी एखादा कॉलबॅक नवा अर्धवट एसकेबी ठेवून जाईल आणि लीक अधिक अरुंद वेळेत का होईना, जिवंत राहील. लॉकच्या बाबतीत असाच एक बारकावा आहे: आरएक्स-स्ट्रीम कॉलबॅकमधून चालते तेव्हा साधा स्पिनलॉक पुरतो, पण नवे फंक्शन साध्या प्रक्रियेच्या संदर्भातून बोलावले जाते, म्हणून त्यात इंटरप्ट थोपवून लॉक घ्यावा लागतो.

त्याच ड्रायव्हरमधील उलटा धडा

२०१९ मध्ये याच ड्रायव्हरच्या दुसऱ्या फाइलीत अशीच एक ‘लीक’ सापडल्याचे मानले गेले आणि तिला सीव्हीई-२०१९-१९०७३ हा सुरक्षा-दोषांच्या सार्वजनिक यादीतील क्रमांकही मिळाला. ड्रायव्हर चिपला सुरुवातीच्या जुळणीसाठी काही संदेश पाठवतो आणि ठरावीक वेळ उत्तराची वाट पाहतो. अशा तीन फंक्शनांमध्ये वेळ संपल्यास त्रुटी परत दिली जात होती, पण संदेशाचा एसकेबी मोकळा केला जात नव्हता. कोड नुसता डोळ्यांखालून घातला तर निष्कर्ष अटळ वाटतो: वाटप दिसते, त्रुटीची वाट दिसते, त्या वाटेवर मुक्ती दिसत नाही. तिन्ही ठिकाणी एकेक ओळ घातली गेली.

परंतु तो एसकेबी पाठवण्याच्या फंक्शनला एकदा यशस्वीरीत्या दिला की त्याची मालकी यूएसबीच्या बाजूला जाते. तेथील यूआरबी पूर्ण झाली, अयशस्वी झाली किंवा रद्द झाली, तरी तिचा कॉलबॅक त्या एसकेबीची विल्हेवाट लावतोच. वाट पाहणाऱ्याची वेळ संपली याचा अर्थ एवढाच, की उत्तर वेळेत आले नाही. एसकेबी परत आपल्या हातात आला, असा त्याचा अर्थ होत नाही. त्यामुळे वेळ संपल्यावर एका बाजूने तो मोकळा केला जाई आणि थोड्या वेळाने कॉलबॅक त्याच मोकळ्या जागेत हात घाली. हा नवा दोष पुन्हा सिझकॉलरनेच पकडला आणि २०२० मध्ये त्या तिन्ही ओळी काढून टाकण्यात आल्या. आजच्या कोडमध्ये वेळ संपल्यावर केवळ त्रुटी परत दिली जाते. संदेश पाठवतानाच त्रुटी आली तर मात्र, मालकी हस्तांतरित झालेली नसल्यामुळे, एसकेबी तेथेच मोकळा होतो. गळती हा सेवा खंडित करण्याच्या पातळीचा दोष असतो, तर मोकळ्या केलेल्या मेमरीचा वापर हा त्याहून कितीतरी घातक. म्हणजे औषध रोगापेक्षा जालीम ठरले होते.

स्वयंचलित विश्लेषणातून येणाऱ्या लीकच्या अहवालांविषयी यामुळे आकस धरावा असे मी म्हणणार नाही. त्यांतील बरेच खरे असतात. मात्र असा अहवाल हाती आल्यावर ज्या फंक्शनकडे बोट दाखवले आहे तेवढेच वाचून चालत नाही. त्याने ज्याला एसकेबी दिला त्या फंक्शनचा कॉलबॅक शेवटपर्यंत वाचावा लागतो. यूएसबी ड्रायव्हरमध्ये तो बहुधा दुसऱ्याच फाइलीत असतो.

पडताळणी आणि जुन्या कर्नलवर आणताना

दुरुस्ती तपासण्यासाठी केमेमलीक चालू असलेला कर्नल बांधावा, अडॅप्टरवर भरपूर डेटा उतरत असताना तो काढावा, डीबग-एफएसमधील (कर्नलची अंतर्गत माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या जागेतील) केमेमलीकच्या फाइलीत स्कॅन हा शब्द लिहून चाळणी करवावी आणि अहवाल वाचावा. ताज्या वाटपाला केमेमलीक काही सेकंद सवलत देतो, म्हणून चाळणी थोडे थांबून आणि दोनदा करणे श्रेयस्कर. अहवालात वाटपाच्या वेळचा बॅकट्रेस, म्हणजे ज्या फंक्शनांतून ते वाटप झाले त्यांची साखळी, असतो. त्यात आरएक्स-स्ट्रीमचे नाव आले तर गळती याच वाटेची आहे. खऱ्या उपकरणावर नेमका क्षण साधणे नशिबावर अवलंबून असल्यामुळे ‘काही दिसले नाही’ हा निकाल फारसा विश्वासार्ह नसतो. खोट्या उपकरणाची चाचणी त्या मानाने निर्णायक ठरते. केएएसएएन हे मोकळ्या मेमरीचा वापर पकडणारे साधनही त्याच वेळी चालू ठेवावे, कारण दुहेरी मुक्ती केमेमलीकला दिसत नाही.

सस्पेंडच्या वाटेची पडताळणी मेमरीच्या अहवालावरून होत नाही. तिच्यासाठी ड्रायव्हरच्या डीबग-एफएसमधील एसकेबीचे मोजमाप पाहावे. तेथे वाटलेले, वर दिलेले आणि टाकून दिलेले असे तीन आकडे मिळतात. चालू स्थितीत वाटलेल्यांची संख्या उरलेल्या दोहोंच्या बेरजेशी जवळजवळ जुळली पाहिजे आणि जागे झाल्यावर टाकून दिलेल्यांचा आकडा एकदम उडी घेत असेल तर जुनी नोंद नव्या प्रवाहात शिरत असल्याचा संशय घ्यावा. खेप टाकून देताना हा आकडा नेहमी एसकेबीगणिक वाढतोच असे नाही, त्यामुळे हिशेब शेवटच्या एककापर्यंत जुळवत बसण्यात अर्थ नाही.

राउटर किंवा अन्य बंदिस्त उपकरणांसाठी जुना कर्नल सांभाळणाऱ्यांनी दुसरी दुरुस्ती उचलण्यापूर्वी आपल्या शाखेतील आरएक्स-स्ट्रीम उघडून पाहावे. जोडून पूर्ण झालेला एसकेबी अ‍ॅरेमध्ये टाकल्यानंतर लगेच रिमेन-एसकेबी नल करणारी ओळ तेथे असेल तरच पुढे जावे. ती नसेल तर आधी पहिली दुरुस्ती आणावी. दुसरी कोणत्याही तक्रारीविना लागू होईल, कंपाइलही होईल आणि तुटलेले पॅकेट एकदा जोडले गेल्यानंतर पहिल्यांदा अडॅप्टर काढला जाईल तेव्हा यंत्र कोसळेल.